पहिली मोटरसायकल: चार गाड्यांची मंद गतीतील परीक्षा

मोटरसायकलची बहुतेक परीक्षणे ज्याला गाडी चालवता येते त्याच्यासाठीच लिहिलेली असतात. गाडी शंभराचा वेग किती सेकंदांत गाठते, वळणावर किती कलते, महामार्गावर इंजिनाचा कंप हातापर्यंत किती पोहोचतो, हे प्रश्न ज्याने अजून हाफ क्लचवर गाडी रांगवलेली नाही त्याच्या फारसे कामाचे नसतात. त्याचे सुरुवातीचे महिने ताशी २० किलोमीटरच्या आतबाहेरच जातात. उभ्या वाहनांमधून गाडी मागे ढकलत बाहेर काढणे, चढावर थांबून पुन्हा निघणे, रहदारीत पायी चालण्याच्या गतीने पुढे सरकणे आणि अरुंद जागेत यू-टर्न घेणे, यांतच त्याची कसोटी लागते. म्हणून येथे मी चार सुपरिचित गाड्या केवळ याच निकषावर तपासल्या आहेत: रॉयल एनफिल्ड हंटर ३५०, होंडा रिबेल ५००, कावासाकी निन्जा ४०० आणि केटीएम ३९० ड्यूक. या चारही गाड्यांची नावे नवशिक्यांना वारंवार सुचवली जातात, आणि मंद गतीत त्या एकमेकींपासून फार वेगळ्या वागतात.

वेगात असलेली मोटरसायकल बऱ्याच अंशी स्वतःचा तोल स्वतःच सांभाळते. ती एका बाजूला कलू लागली की पुढचे चाक आपोआप त्याच बाजूला वळते आणि गाडी पुन्हा सावरते. वेग उतरत गेला की ही फुकट मिळणारी मदत आटत जाते, आणि पायी चालण्याच्या गतीला तोल राखण्याचे सगळे काम चालकाच्या हातापायांवर येऊन पडते. डाव्या हाताने क्लच अर्धवट सोडून मागच्या चाकाला हवी तेवढीच ताकद द्यायची, उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकेच धरून ठेवायचा आणि नजर चाकापुढच्या जमिनीवर न ठेवता जिथे जायचे आहे तिथे ठेवायची, ही तिन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. त्यांतले एक जरी चुकले तरी गाडी बंद पडते किंवा झटका देऊन पुढे उसळते. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक आवळला गेला, तर गाडीचे सगळे वजन एका क्षणात आतल्या बाजूला येते आणि ते एका पायावर पेलणे धडधाकट माणसालाही जमत नाही.

हा निकष केवळ गाडी आडवी होण्यापुरता मर्यादित नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघातांची घटनास्थळी जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. अपघाताच्या अगोदर या गाड्यांचा मध्यक वेग ताशी २९.८ मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर होता. निम्म्याहून अधिक चालकांना ती विशिष्ट गाडी चालवण्याचा पाच महिन्यांपेक्षा कमी अनुभव होता, मग एकूण अनुभव त्याहून कितीतरी जास्त का असेना. धडक टाळण्यासाठी त्यांच्या हाती दोन सेकंदांहूनही कमी वेळ होता, आणि तेवढ्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरू दिले, तर पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. अहवाल जुना आहे आणि गाड्या पुष्कळ बदलल्या आहेत, परंतु माणसाचे हातपाय बदललेले नाहीत. गाडी अंगवळणी पडण्याआधीचे महिनेच सर्वांत जोखमीचे असतील, तर जी गाडी लवकर अंगवळणी पडते तीच पहिली गाडी म्हणून चांगली, असे मानायला मला तरी अडचण वाटत नाही.

सुरुवात हंटर ३५० पासून करतो, कारण या निकषावर ती मला चौघींत सर्वांत विचारपूर्वक जुळवलेली वाटते. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या या गाडीचे ३४९ सीसी इंजिन मीटिऑर आणि क्लासिक या भावंडांमध्येही आहे. त्याची कमाल शक्ती मिनिटाला ६१०० फेऱ्यांवर २०.२ अश्वशक्ती इतकीच आहे, आणि कागदावर हा आकडा पाहून अनेक जण नाक मुरडतात. पण २७ न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ४००० फेऱ्यांवरच हाती येतो, आणि नवशिक्याच्या दृष्टीने खरी गोष्ट तीच आहे. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ८५.८ मिलिमीटर असल्यामुळे हे इंजिन मुळातच सावकाश, जोर लावून फिरणाऱ्या प्रकृतीचे आहे. क्लच थोडा जास्तच लवकर सोडला तरी ते लगेच मान टाकत नाही, आणि दुसऱ्या गिअरमध्ये चुकून फारच हळू गेलो तरी कुरकुर करत का होईना, पुढे जाते. ॲक्सिलरेटर नकळत थोडा जास्त फिरला, तरी गाडी अंगावर आल्यासारखी उसळत नाही. नवख्या मनगटाला जो अंदाज यायला वेळ लागतो, तो वेळ हे इंजिन देते.

वजनाच्या बाबतीत ती हलकी म्हणता येणार नाही, कारण १८१ किलो हे नवशिक्यासाठी कमी वजन नव्हे. तरीही क्लासिकच्या १९५ आणि मीटिऑरच्या १९१ किलोंच्या तुलनेत फरक जाणवण्याइतका आहे. शिवाय दोन्ही चाके १७ इंचांची असून चाकांमधील अंतर १३७० मिलिमीटरच असल्यामुळे गाडी आखूड आणि चपळ वाटते. हँडल रुंद आहे, बसण्याची पद्धत ताठ आहे, आणि दोन्ही कोपर मोकळे राहत असल्याने यू-टर्न घेताना हँडल शेवटपर्यंत वळवणे सोपे जाते. सीट साधारण ८०० मिलिमीटर उंचीवर असली, तरी पुढच्या भागात ती अरुंद असल्याने मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही चवडे जमिनीला टेकतात. सीटची उंची सांगणारा आकडा येथे अपुरा ठरतो, कारण पाय जमिनीपर्यंत कमरेपासून सरळ खाली न जाता सीटच्या बाजूने वळसा घेऊन जातात, आणि सीट रुंद असेल तर तो वळसाच पायाची निम्मी लांबी खातो.

हंटरच्या उणिवाही सांगायला हव्यात. सुरुवातीच्या गाड्यांचा क्लच लांबलचक रहदारीत डाव्या हाताला शिणवतो आणि मागचे शॉकॲब्झॉर्बर एकट्या चालकाला खड्ड्यांची जाणीव जरा जास्तच करून देतात. २०२५ च्या सुधारित आवृत्तीत कंपनीने नेमक्या याच दोन ठिकाणी हात घातला. स्लिप-असिस्ट क्लच आल्याने लिव्हर हलका झाला, मागच्या स्प्रिंगची रचना बदलली आणि जमिनीपासूनची उंचीही १० मिलिमीटरने वाढवली. जुनी आणि नवी यांत निवड असेल, तर नवशिक्याने केवळ या क्लचसाठीही नवी निवडावी, असे माझे मत आहे. २०२२ च्या ‘रेट्रो’ आवृत्तीत मागे ड्रम ब्रेक आणि केवळ पुढच्या चाकाला एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे. तिच्याविषयीचे मत पुढे एबीएसच्या ओघात येईलच. महामार्गावर ताशी शंभराच्या पुढे ही गाडी दमते, पण या परीक्षणाच्या कक्षेत तो दोष बसत नाही.

होंडा रिबेल ५०० ची गोष्ट निराळी आहे. सीटची उंची फक्त ६९० मिलिमीटर असल्याने जवळपास कोणाचेही दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतात, आणि पहिल्या आठवड्यात याचा जो मानसिक आधार मिळतो त्याला तोड नाही. ही ओळख या नावाला जुनीच आहे. १९८५ साली आलेली २३४ सीसीची पहिली रिबेल अमेरिकेतील प्रशिक्षण वर्गांत वर्षानुवर्षे वापरली गेली, आणि तिथल्या कितीतरी लोकांनी आयुष्यातला पहिला क्लच तिच्यावरच सोडला. आजच्या रिबेलमध्ये ४७१ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन आहे. ते सुमारे ४६ अश्वशक्ती देते, पण ती सहजासहजी अंगावर येत नाही, कारण खालच्या फेऱ्यांवर त्याचा प्रतिसाद सरळ आणि अपेक्षित असतो. २०२० पासून तिला स्लिपर क्लचही मिळाला आहे, त्यामुळे गिअर घाईने खाली टाकला तरी मागचे चाक उड्या मारत नाही.

एवढे सगळे असूनही मी रिबेलला हंटरच्या खाली ठेवतो, आणि त्याचे कारण पाय टेकण्याच्या पलीकडचे आहे. चाकांमधील अंतर जवळपास १४९० मिलिमीटर आहे, म्हणजे हंटरपेक्षा सुमारे १२ सेंटिमीटर जास्त, आणि पुढचा टायर १३० मिलिमीटर रुंदीचा आहे. परिणामी गाडी सरळ जाताना शांत वाटते, पण अरुंद जागेत वळवताना हँडलचा जडपणा जाणवतो आणि वळसाही मोठा घ्यावा लागतो. पाय जमिनीवर पोहोचतात म्हणून नवशिका प्रत्येक वेळी पाय घासतच गाडी वळवू लागतो, आणि मग पाय फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, ठेवून क्लच आणि मागच्या ब्रेकने तोल सांभाळण्याची सवय त्याला लागतच नाही. खाली असलेले फूटपेग वळणात लवकर जमिनीला घासतात, ही तक्रार मात्र सुरुवातीला कोणाला जाणवण्याचे कारण नाही. ज्यांची उंची खूपच कमी आहे किंवा ज्यांना एखाद्या गुडघ्याने दगा दिलेला आहे, त्यांनी माझा हा क्रम निःसंकोच उलटा करावा.

कावासाकी निन्जा ४०० बद्दल बोलताना आधी एक गैरसमज बाजूला सारावा लागेल. ती दिसते शर्यतीच्या गाडीसारखी, आणि म्हणूनच घरातली वडीलधारी मंडळी तिला धास्तावतात. प्रत्यक्षात ३९९ सीसीचे तिचे दोन सिलिंडरचे इंजिन अतिशय गुळगुळीत आहे, क्लच चौघींत सर्वांत हलका आहे आणि १६८ किलो वजन हंटरपेक्षाही १३ किलोंनी कमी आहे. चाकांमधील अंतरही हंटरइतकेच, १३७० मिलिमीटर आहे. ७८५ मिलिमीटरची सीट पुढे निमुळती होत असल्याने पायही व्यवस्थित टेकतात. ४५ अश्वशक्तीचा कमाल आकडा १०,००० फेऱ्यांवर येतो, म्हणजे जो हळू चालवतो त्याच्या वाट्याला तो येतच नाही. मग अडते कुठे? हँडल खाली आणि अरुंद आहे, अंगाचा भार मनगटांवर येतो, आणि यू-टर्न घेताना आतला हात टाकीच्या दिशेने दुमडत असल्याने क्लचवरचा ताबा नेमका हवा असतो तेव्हाच सैल होतो. शिवाय उभ्या उभ्या गाडी पडली, तरी प्लास्टिकच्या आवरणाला तडा जातो, आणि पहिल्या वर्षात गाडी एकदाही आडवी न पाडणारा नवशिका विरळाच. २०२४ मध्ये अनेक बाजारांत तिची जागा ४५१ सीसीच्या निन्जा ५०० ने घेतली. तिच्यात शक्ती जवळपास तेवढीच असली तरी ती कमी फेऱ्यांवर मिळते, म्हणजे मंद गतीच्या दृष्टीने बदल योग्य दिशेनेच झाला आहे.

केटीएम ३९० ड्यूक ही उत्तम मोटरसायकल आहे, आणि पहिली गाडी म्हणून मी ती कोणालाही सुचवत नाही. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटत असतील, तर गाडी पहिल्या गिअरमध्ये पायी चालण्याच्या गतीने शंभर मीटर चालवून पाहावी. एकाच सिलिंडरचे हे इंजिन वरच्या फेऱ्यांवर फुलण्यासाठी घडवलेले आहे, खाली त्याला करमत नाही. चेन ओढली जाऊन गाडी आचके देते आणि तो आचका घालवण्यासाठी ॲक्सिलरेटर थोडा फिरवावा, तर ती पुढे झेपावते. २०२४ मॉडेलच्या ३९९ सीसी इंजिनात हा स्वभाव बराच निवळला आहे, परंतु गेलेला नाही. जागतिक आवृत्तीत ८२० मिलिमीटर उंच असलेली सीट आणि तिखट ब्रेक हे अनुभवी हातांत गुण असतात, पण ज्याला अजून अंदाज यायचा आहे त्याच्यासाठी त्याच गोष्टी घाबरवणाऱ्या ठरतात. ही गाडी दुसरी म्हणून घेतली तर तिचा आनंद दुप्पट मिळेल, हे मी खात्रीने सांगू शकतो. याच वर्गातली ट्रायम्फ स्पीड ४०० खालच्या फेऱ्यांवर अधिक समजूतदार आहे, आणि ज्याला हंटर फारच सौम्य वाटते त्याने ड्यूककडे वळण्याआधी तिच्याकडे पाहावे.

शक्तीविषयी एक हिशोब उपयोगी पडतो. दर १०० किलो वजनामागे हंटर सुमारे ११ अश्वशक्ती देते, रिबेल २४, आणि निन्जा व ड्यूक जवळपास २७. यामाहाच्या ६०० सीसी आर६ मध्ये हाच आकडा ६० च्या वर जातो. एवढ्या ताकदीची गाडी ‘हळू चालवली तर काय बिघडते’ असे म्हणून पहिली घेणारे लोक असतात, पण मनगट दचकून फिरते तेव्हा हळू चालवण्याचा निश्चय कुठेच नसतो. रिबेल, निन्जा आणि ड्यूक या तिन्ही गाड्या ४५ अश्वशक्तीच्या आसपासच थांबतात, हा योगायोग नव्हे. युरोपातील ए२ परवान्याची मर्यादा ३५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्ती आहे, आणि कंपन्या या वर्गातल्या गाड्या त्या मर्यादेच्या आत बसवूनच तयार करतात. नियम करणाऱ्यांनी नवशिक्यासाठी वरची हद्द कुठे आखली आहे, हे यावरून कळते. पण ती हद्द आहे, सुरुवातीची जागा नव्हे.

एबीएसच्या बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१०० मालिकेतून इलेक्ट्रॉनिक एबीएस मोटरसायकलवर पहिल्यांदा आले, तेव्हा ती चैन होती. आज ती तशी राहिलेली नाही. अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’च्या अभ्यासात, एबीएस असलेल्या गाड्यांच्या प्राणांतिक अपघातांचे प्रमाण त्याच मॉडेलच्या एबीएस नसलेल्या गाड्यांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी आढळले. हर्ट यांच्या अहवालातल्या चालकांनी मागचे चाक घसरू दिले आणि पुढचा ब्रेक भीतीने वापरला नाही. दोन्ही चाकांना एबीएस असेल तर यातली पहिली चूक गाडी स्वतः निस्तरते, आणि दुसरी चूक करण्याचे कारणच कमी होते. म्हणूनच केवळ पुढच्या चाकाला एबीएस असलेली आवृत्ती मी नवशिक्याला घेऊ देणार नाही, भले त्यासाठी आणखी काही महिने थांबावे लागले तरी चालेल.

शोरूममध्ये गेल्यावर चालवून पाहण्याआधी गाडी बंद ठेवूनच बरेच काही कळते. नेहमी वापरायचे तेच बूट घालून बसावे, साइड स्टँड काढून गाडी सरळ करावी आणि ती दोन्ही बाजूंना किंचित कलवून, किती कलल्यावर वजन हातात येते ते पाहावे. मग सीटवर बसूनच पायांनी ती दोन-तीन मीटर मागे ढकलावी. हे जमत नसेल तर पुढे प्रत्येक पार्किंग हा एक प्रसंग होऊन बसेल. क्लचचा लिव्हर दोनच बोटांनी वीस-पंचवीस वेळा ओढून पाहावा, कारण पहिल्यांदा हलका वाटणारा लिव्हर विसाव्या वेळी आपले खरे वजन सांगतो. हँडल दोन्ही टोकांना वळवून बाहेरचा हात पुरतो का आणि आतल्या हाताला क्लच मोकळेपणाने ओढता येतो का, तेही पाहावे. चालवून पाहण्याची संधी मिळाली, की विक्रेता मोकळ्या रस्त्याकडे बोट दाखवतोच. तिकडे न जाता आवारातच ॲक्सिलरेटरला हात न लावता, नुसत्या क्लचवर गाडी पुढे सरकते का हे तपासावे. हंटर आणि रिबेल या परीक्षेत सहज पुढे जातात, निन्जा थोडी काळजी मागते, आणि ड्यूक बऱ्याचदा बंद पडते.

पहिली गाडी जुनी घ्यावी की नवी, या वादात मी जुनीच्या बाजूने आहे. पडण्याची भीती निम्मी होते, आणि वर्षभराने आवड नेमकी कळली की बदलणेही सोपे जाते. मात्र तपासणी नीट करावी. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे, आणि खाचा शाबूत दिसल्या तरी जुनाट रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडते. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलेले आहेत. लिव्हरची टोके, फूटपेग आणि हँडलच्या कडा यांवर खरचटलेले असेल, तर गाडी पडलेली आहे हे उघडच आहे; उभ्या उभ्या पडलेली गाडी घ्यायला हरकत नाही, पण समोरून पाहताना हँडल आणि चाक एका रेषेत नसतील तर धक्का त्याहून मोठा होता असे समजावे. सर्वांत शेवटी पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. मध्यभागी खाच लागल्यासारखे ते अडत असेल तर स्टिअरिंगचे बेअरिंग झिजलेले असते. वेगात हा दोष लपून जातो, पण पायी चालण्याच्या गतीला तीच गाडी सरळ रेषेत ठेवणे अनुभवी चालकालाही कठीण जाते, त्यामुळे बेअरिंग बदलून मिळाल्याशिवाय अशा गाडीचा व्यवहार पुढे नेऊ नये.